विश्लेषण : डिंभे, माणिकडोहच्या काठावर होडी उतरवायला जागा का मिळत नाही?

जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांना समुद्र नाही, पण पाणी भरपूर आहे. कुकडी प्रकल्पाची पाचही धरणे याच पट्ट्यात आहेत. त्यातल्या डिंभेसारख्या जलाशयात छोट्या होडीतून मासेमारी करून आदिवासी कुटुंबे चार पैसे मिळवतात. त्यांच्यापुढचा रोजचा प्रश्न साधा वाटतो : होडी पाण्यात कुठून उतरवायची आणि मासळी घेऊन कुठे लागायचे? डिसेंबरमध्ये जी जागा सोयीची असते, ती एप्रिलमध्ये चिखलाच्या पलीकडे गेलेली असते. असे का होते आणि त्यावर काय करता येईल?

ही धरणे कोणती?

डिंभे धरण घोड नदीवर आहे. त्याच्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू सागर म्हणतात. विदेशी कापडाचा ट्रक अडवताना १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत प्राण देणारे बाबू गेनू हे याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे. माणिकडोह आणि येडगाव कुकडी नदीवर, वडज मीना नदीवर, तर पिंपळगाव जोगे आर नदीवर. डिंभे सर्वांत मोठे, साठा सुमारे साडेतेरा टीएमसी. पाचही धरणे मुख्यतः सिंचनासाठी बांधली गेली. त्यांचे पाणी कालव्यांनी पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात आणि तिथून अहिल्यानगर, सोलापूरपर्यंत जाते. मासेमारीचा विचार धरण बांधताना कोणी केला नव्हता, आणि आजच्या अडचणीचे मूळ बरेचसे तिथेच आहे.

मासेमारी करणारे कोण आहेत?

नावात ‘कोळी’ असल्यामुळे शहरातल्या माणसाचा हमखास गोंधळ होतो. या डोंगरपट्ट्यातला महादेव कोळी समाज हा किनाऱ्यावरच्या सोनकोळ्यांसारखा पिढीजात दर्यावर्दी नाही. भात, नाचणी, वरई पिकवणारा, हिरडा गोळा करणारा हा डोंगरातला शेतकरी. मासे तो धरत असे, पण ओढ्यातले, पावसाळ्यात चढणीला लागलेले. कातकऱ्यांना नदीतली मासेमारी अधिक ठाऊक होती, पण तीही उथळ, वाहत्या पाण्यातली. धरण भरले तेव्हा खोऱ्यातली चांगली भातजमीन पाण्याखाली गेली. ज्या गावाचे नाव तालुक्याला आहे ते जुने आंबेगावही बुडाले. तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो, पण तालुका अजून आंबेगावच म्हणवतो.

शेत बुडाले आणि त्या जागी खोल, उभे पाणी आले. या पाण्यात जाळे टाकायचे तर पोहण्यापलीकडचे कौशल्य लागते. महाराष्ट्रातल्या अनेक धरणांवर गरीब मच्छीमार ट्रकच्या टायरची ट्यूब किंवा थर्माकोलचा तराफा यांवर बसून जाळी टाकतात. ट्यूबला एक फायदा आहे. ती खांद्यावर टाकून कुठूनही पाण्यात जाता येते. होडीचे तसे नाही. ती सुरक्षित आहे, जास्त जाळी आणि जास्त मासळी नेते, पण तिला काठ लागतो.

डिंभ्यात या प्रवासाला वळण दिले ते ‘शाश्वत’ या संस्थेने. आनंद कपूर आणि कुसुम कर्णिक यांच्या पुढाकाराने धरणग्रस्तांचे संघटन उभे राहिले आणि आदिवासी मच्छीमारांची सहकारी संस्था झाली. ज्यांची जमीन गेली त्यांनाच त्या पाण्यातल्या माशांवर हक्क असावा, ही मागणी त्यामागे होती. मुंबईच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेच्या साहाय्याने जलाशयात पिंजरे लावून मत्स्यबीज वाढवण्याचे प्रयोगही झाले. ‘शाश्वत’ला २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा ‘इक्वेटर’ पुरस्कार मिळाला. हक्काची लढाई गाजली, तिचे कौतुकही झाले. काठाच्या प्रश्नाकडे मात्र तेवढे लक्ष गेले नाही.

समुद्राच्या आणि धरणाच्या काठात फरक काय?

कोकणातल्या मच्छीमाराला पाणी कधी किती चढणार हे तिथीवरून कळते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. ओहोटीला पाणी लांब गेले तरी काही तासांत ते त्याच जागी परत येणार, हा भरवसा असतो. म्हणून तिथे जेटी, धक्का किंवा उतार एकदा बांधला की वर्षभर कामाला येतो.

धरणाला भरती-ओहोटी आहे, पण वर्षातून एकदाच. पावसाळ्यात भरती, आणि नंतर पुढच्या जूनपर्यंत लांबलेली ओहोटी. शिवाय ती चंद्रावर नाही, आवर्तनावर चालते. रब्बी आणि उन्हाळी हंगामात कालव्याला पाणी सोडले की पातळी उतरते. आवर्तने कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरतात. तिथली चर्चा पिण्याच्या पाण्याभोवती, ऊस-कांद्याभोवती आणि कोणत्या तालुक्याला किती यावर फिरते. होडी कुठे लागेल हा विषय तिथे निघण्याची शक्यता कमीच.

पाणी एक मीटर उतरले तर काठ किती सरकतो?

ते उतारावर अवलंबून आहे. काठाचा उतार दहास एक असेल, तर पातळी एक मीटर उतरल्यावर पाणी दहा मीटर मागे जाते. उतार पन्नासास एक असेल, तर पन्नास मीटर. हंगामात पातळी वीस मीटर उतरली असे धरले, तर पहिल्या काठावर पाणी दोनशे मीटर लांब जाते आणि दुसऱ्यावर एक किलोमीटर. डिंभे धरणाची भिंत सुमारे ७२ मीटर उंच आहे. कमी पावसाच्या वर्षी मे-जूनमध्ये या धरणांचा उपयुक्त साठा काही टक्क्यांवर येतो. त्यामुळे वीस मीटरचा हिशेब अतिशयोक्तीचा नाही.

आता यात खोऱ्याचा आकार मिळवा. धरण तुडुंब असते तेव्हा पाणी डोंगराच्या कुशीला टेकलेले असते. काठ उभा, खडकाळ, पण रस्ता आणि वस्ती जवळ. पाणी उतरले की जुन्या नदीकाठची सपाट खाचरे उघडी पडतात. उतार मंद, त्यामुळे पाणी झपाट्याने लांब जाते आणि मागे राहतो तो गाळ. वरून वाळून तडकलेला दिसतो, पाय ठेवला की गुडघ्यापर्यंत आत. या चिखलातून जाळी, वल्ही आणि मासळीची पाटी घेऊन चालणे हे मासे धरण्याइतकेच मेहनतीचे काम होते.

सर्वांत जास्त हाल फुगवट्याच्या शेपटीकडच्या वाड्यांचे. डिंभ्याचा फुगवटा आहुपे आणि पाटण या खोऱ्यांच्या दिशेने आत शिरतो. नदी धरणात शिरते तिथे गाळ आधी बसतो आणि पाणीही तिथलेच आधी आटते. म्हणजे डोंगराच्या पोटातल्या, आधीच लांबच्या वस्तीला उन्हाळ्यात होडीसाठी आणखी खाली, भिंतीच्या दिशेने यावे लागते.

चांगली जागा कशी ओळखायची?

अनुभवी मच्छीमार आधी पायाखालची जमीन पाहतो. मुरूम किंवा बारीक खडी असेल तर होडी ओढता येते, गाळ असेल तर नाही. उतार असा हवा की होडीचा पुढचा भाग जमिनीला टेकलेला असताना मागचा तरंगत राहील. फार उभा काठ असेल तर चढता-उतरताना होडी कलंडते. फार सपाट असेल तर तळ लागतो आणि माणसालाच पाण्यात उतरून ढकलावे लागते.

दुसरी गोष्ट वारा. सह्याद्रीच्या खिंडीतून येणारा पश्चिमेचा वारा रुंद पाण्यावर लाट उठवतो. त्यामुळे एखाद्या टेकाडाच्या आड, कोनाड्यात असलेली जागा उघड्या काठापेक्षा बरी. वळवाच्या दिवसांत तर जवळ आडोसा असणे जिवावरचेच ठरते. २१ मे २०२४ रोजी उजनीत कुगावहून कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. ती मासेमारीची होडी नव्हती, पण वळवाचा वारा होडीचा प्रकार पाहत नाही.

तिसरी, आणि बाहेरच्या माणसाच्या लक्षात न येणारी गोष्ट म्हणजे पाण्याखाली काय आहे. बुडीत क्षेत्रातल्या झाडांचे बुंधे, घरांची जोती, बांध, विहिरी तिथेच असतात. पाणी भरपूर असते तेव्हा होडी त्यांच्यावरून जाते. पातळी उतरली की तेच बुंधे पाण्याच्या पृष्ठभागाखाली हातभर येतात. फायबरच्या होडीचा तळ त्यावर फाटतो आणि जाळे अडकले तर बहुतेक वेळा फाडूनच काढावे लागते. उलट, बुडालेला जुना रस्ता हे वरदान असते. त्याचा तळ कठीण असतो, तो वस्तीकडून थेट पाण्यात उतरतो आणि पाणी मागे सरकले तरी रस्ता पुढे चालूच राहतो. पाणी खाली गेल्यावर जुन्या आंबेगावचे अवशेष पाहायला लोक जातात. मच्छीमाराच्या नजरेला त्यातले जोते आणि त्यातली वाट वेगवेगळी दिसते.

आणि शेवटी गाडी. मासळी काठावर आली की तिला बर्फ आणि बाजार लागतो. घोडेगाव, मंचर, जुन्नर, नारायणगाव कुठेही न्यायची तरी आधी डांबरी रस्ता गाठला पाहिजे. उत्तम उताराची जागा जर गाडीरस्त्यापासून दोन किलोमीटर आत असेल, तर उन्हाळ्यात ती फारशी उपयोगाची नाही. व्यापारी जिथे गाडी आणतो तिथेच होडी लावावी लागते आणि भावही मग तोच सांगतो.

पाचही धरणांवर सारखीच स्थिती आहे का?

नाही. पिंपळगाव जोगेच्या एकूण साठ्यातला जवळजवळ निम्मा मृतसाठा आहे, म्हणजे नेहमीच्या पातळीच्या दाराखालचा. त्यामुळे कालवा बंद झाल्यावरही तिथे पाणी आणि मासे उरतात. माळशेज घाटाकडे जाणारा कल्याण-अहिल्यानगर महामार्गही जवळून जातो. टंचाईत मृतसाठ्यालाही हात लावला जातो, तेव्हा मात्र हा फायदा संपतो. येडगाव लहान आहे आणि इतर धरणांचे पाणी तिथे येऊन पुढे कालव्यात जाते. त्यामुळे तिथली पातळी आवर्तनागणिक हलते. खुंट्याला बांधलेली होडी आज पाण्यात आणि चार दिवसांनी कोरड्यावर, असे होऊ शकते.

काठ कोणाचा?

इथे कागदपत्रांचा गुंता सुरू होतो. पाणी आणि बुडीत जमीन जलसंपदा विभागाची. मासेमारीचा ठेका मत्स्यव्यवसाय विभाग देतो. पाणी उतरल्यावर उघडी पडणारी गाळपेर जमीन वर्षापुरती कसायला दिली जाते आणि त्यात धरणग्रस्तांना प्राधान्य असते. म्हणजे होडी जिथून ओढायची त्याच पट्ट्यात एखाद्याचा हरभरा किंवा चारा उभा असतो. अनेकदा मच्छीमार आणि गाळपेर करणारा हे एकाच घरातले असतात, त्यामुळे तोडगा निघतो. तो निघाला नाही तर दाद कुठे मागायची हे सांगणे अवघड आहे, कारण ठेक्याने मिळतो तो माशांवरचा हक्क, काठावरच्या वाटेचा नव्हे.

आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिमेची गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात. १९९६ च्या पेसा कायद्याने गौण जलसाठ्यांचे नियोजन स्थानिक पंचायतींकडे दिले, पण डिंभेसारखे मोठे धरण ‘गौण’ ठरत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यात मासे आणि जलसाठ्यातल्या उत्पादनांवरच्या सामूहिक हक्काचा उल्लेख आहे. तो वनजमिनीच्या संदर्भात आहे आणि दावा सिद्ध करावा लागतो.

मग उपाय काय?

सर्वांत महाग उपाय म्हणजे तरंगती जेटी. ती पाण्याबरोबर खाली-वर होते, पण पाणी अर्धा किलोमीटर मागे गेले की तिच्यापर्यंत पोचायचा प्रश्न उरतोच. काँक्रीटचा एक लांब उतार बांधणे सोपे वाटते. तो गाळाने झाकला जातो आणि दरवर्षी साफ करावा लागतो, हे अंदाजपत्रकात धरले तरच उपयोग.

त्यापेक्षा व्यवहार्य आहे ते एकाच जागेचा हट्ट सोडणे. पूर्ण पातळी, मधली पातळी आणि उन्हाळी पातळी अशा तीन टप्प्यांसाठी प्रत्येक खोऱ्यात तीन जागा ठरवायच्या, जिथे जुना रस्ता आहे तिथे आधी. त्या पट्ट्यांतली गाळपेर सोडून द्यायची आणि मुरूम टाकायचा. आवर्तनाचे वेळापत्रक ठरले की ते संस्थेलाही कळवायचे. याला फार पैसा लागत नाही. दोन विभागांचे एकमत लागते, आणि ते पैशापेक्षा दुर्मीळ आहे. २०२० मध्ये २० हजार ५० कोटी रुपयांच्या आराखड्यासह सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत होड्या, जाळी, पिंजरे यांना साहाय्य आहे. राज्य सरकारने एप्रिल २०२५ मध्ये मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जाही दिला. होडी घ्यायला मदत मिळते आणि ती उतरवायला जागा नसते, ही विसंगती त्यामुळे जास्तच डोळ्यांत भरते.

याच पाण्यावर आणखी एक वाद आहे. डिंभ्यातून माणिकडोहकडे पाणी नेणाऱ्या प्रस्तावित बोगद्याला आंबेगावात विरोध आहे. बोगदा खालच्या पातळीवरून काढला तर डिंभे रिकामे होईल, ही तिथली भीती. वाद शेतीच्या पाण्याच्या भाषेत चालतो. पण उन्हाळ्यात जलाशयात किती पाणी उरणार आणि ते कुठे उरणार, हे त्या पातळीवरही ठरणार आहे.

तूर्त करता येण्यासारखे एक काम मे महिन्यातले आहे. पाणी सर्वांत खाली असते तेव्हा कोरड्या तळातून चालत जाऊन धोक्याचे बुंधे आणि विहिरी हेरायच्या, होडीच्या वाटेतले बुंधे तोडायचे, उरलेल्यांच्या जागी तरंगते डबे बांधायचे. त्यासाठी धरण विभागाची परवानगी एप्रिलच्या आत हातात पडायला हवी. जूनअखेर पाणी पुन्हा चढू लागते.