पालक घ्यावा की माठ?

आमच्या भाजीवालीच्या टोपलीत पालक आणि माठ शेजारी शेजारी असतात. हात मात्र आधी पालकाकडे जातो. पालकात लोह असतं, हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय ना!

माझ्या धाकट्या जावेचं हिमोग्लोबिन साडेआठ निघालं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. त्यांनी मळमळतं म्हणून तिनं त्या गुपचूप कपाटात ठेवल्या आणि रोज पालक सुरू केला. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं, तर आठ! "ताई, एवढा पालक खाल्ला, तो गेला कुठे?" मी आहारशास्त्र शिकवते, तेव्हा उत्तर मलाच द्यायला हवं होतं.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०१७ मध्ये आपल्याकडच्या अन्नपदार्थांचे तक्ते प्रसिद्ध केले. मी तेच उघडून बसले. १०० ग्रॅम कच्च्या पालकात लोह जेमतेम ३ मिलिग्रॅम. तेवढ्याच हिरव्या माठात साडेचारच्या वर. कॅल्शियम पालकात ८० मिलिग्रॅमच्या आसपास, तर माठात सव्वातीनशेच्या पुढे. 'क' जीवनसत्त्वही माठातच जास्त. पालक पुढे आहे तो फोलेटमध्ये, माठाच्या जवळजवळ दुप्पट. रक्त तयार व्हायला तेही लागतं, आणि गरोदर बाईला तर फारच. म्हणजे पालक अगदीच टाकाऊ नाही.

पण खरी गोम पुढेच आहे. याच संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार बाईला रोज २९ मिलिग्रॅम लोह हवं. पालकाच्या भाजीतून त्याचा दहावा हिस्सा मिळणार, माठातून सहावा. डाळी, बाजरी, नाचणी, तीळ हे सगळं ताटात नसेल तर एकटी पालेभाजी काय करणार? आणि रक्त आठावर आलेलं असताना नुसत्या ताटावर विसंबून चालत नाही, गोळ्या घ्याव्याच लागतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आढळला. तेव्हा ही एकट्या जावेची गोष्ट नव्हे.

पोपायमुळे पालक फुकटच डोक्यावर बसला, असं म्हणतात. लोहाच्या आकड्यात दशांशचिन्ह चुकलं, ही त्यामागची गोष्ट तुम्हीही ऐकली असेल. गंमत म्हणजे त्या गोष्टीलाच पुरावा सापडत नाही. १९३२ च्या चित्रपट्टीत पोपाय पालकाची थोरवी सांगतो ती 'अ' जीवनसत्त्वासाठी, लोहासाठी नव्हे.

माठाच्या कॅल्शियमच्या आकड्यावरही हुरळून जाऊ नका. दोन्ही भाज्यांत ऑक्झलेट भरपूर असतं, ते कॅल्शियमला धरून ठेवतं. पालकातलं कॅल्शियम अंगी लागतं ते सुमारे विसावा हिस्सा, दुधातलं मात्र पाव भागाहून जास्त. मुतखड्याचा त्रास असेल त्यांनी दोन्ही भाज्या डॉक्टरांना विचारूनच खाव्यात.

जावेच्या जेवणात आणखी एक घोटाळा होता. ताट उचललं की लगेच कपभर चहा. भाजीतलं लोह शोषायला चहा आडवा येतो, म्हणून तो जेवणानंतर तासाभरानं घ्यायला सांगितला. लिंबू मात्र मदत करतं. तेही भाजी गॅसवरून उतरवल्यावर पिळायचं, कारण उकळलं की 'क' जीवनसत्त्व उडतं. लोखंडी कढई माळ्यावरून खाली काढली. डॉक्टरांनी गोळ्या बदलून जेवणानंतर घ्यायला सांगितल्या, तेव्हा त्या पोटात टिकल्या. पाच महिन्यांनी हिमोग्लोबिन साडेअकरा झालं. ती श्रेय माठाला देते, मी गोळ्यांना.

माझ्याकडे आता फाल्गुनानंतर माठच येतो. उन्हात पालक लवकर फुलावर येतो, माठाला मात्र उकाडा मानवतो. आणि माठाचे जाड देठ फेकू नका. सोलून, बोटभर तुकडे करून डाळीत शिजवले की छान लागतात.