लुगड्याची गाठ आणि सोनोग्राफीचा पडदा

मुंबईचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. चारच वर्षांत, १९४५ मध्ये, तिथले डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि बी. सूर्याबाई यांनी एका वेगळ्याच कर्करोगाची नोंद केली. वर्षानुवर्षे एकाच जागी करकचून धोतर नेसले की कंबरेची कातडी घासते, काळी पडते, सोलवटते. क्वचित तिथेच कर्करोग मूळ धरतो.

तेव्हा रोग कुठवर पसरला हे ठरवायला डॉक्टरांकडे मुख्यतः डोळे, बोटे आणि एक्स-रेच होते.

१९७१ मध्ये लंडनला सीटी स्कॅनवर पहिला रुग्ण तपासला गेला. पुढे सोनोग्राफी जिल्ह्याच्या गावापर्यंत आली आणि हाताला न लागणारी गाठही दिसू लागली. कंबरेचा असा रोग पसरला तर जांघेतल्या लसिकाग्रंथींत पोचू शकतो. तिथली निरोगी ग्रंथी पडद्यावर चवळीच्या दाण्यासारखी लांबट दिसते, मधोमध पांढुरका पट्टा असतो. रोग शिरला की ती बहुधा गोल फुगते, पट्टा नाहीसा होतो. मग पडद्यावर बघतच सुई घालून नमुना घेतात.

सोनोग्राफीचा मोठा लाभ मेलानोमा या कातडीच्या घातक कर्करोगात दिसला. रोग आधी जिथे पोचतो त्या पहिल्या ग्रंथीत तो सापडला की पूर्वी त्या भागातल्या साऱ्या ग्रंथी काढत. २०१७ मध्ये १,९०० हून अधिक रुग्णांच्या अभ्यासाने दाखवले, की सोनोग्राफीने नजर ठेवली तरी मेलानोमाने होणारे मृत्यू वाढत नाहीत. साऱ्या ग्रंथी काढल्याने येणारी हातापायाची सूज मात्र २४ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर येते.

आणि २०२४ मध्ये वर्धा व बिहारच्या डॉक्टरांनी पुन्हा तेच दुखणे मांडले. चाळीस वर्षे कंबरेला गाठ मारून लुगडे नेसणाऱ्या एका बाईच्या कुशीवरची जखम दोन वर्षे भरली नव्हती. निदान झाले तेव्हा रोग जांघेतल्या ग्रंथीत पोचला होता.

अकोला जिल्ह्यातल्या बाळापुरात आजही कितीतरी आज्या लुगडे नेसतात. अकोला शहर जेमतेम पंचवीस किलोमीटरवर. तिथे २००२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. पण लुगड्याखाली झाकलेली जखम कोणतेच यंत्र आपणहून शोधत नाही. गाठ सैल बांधा, तिची जागा बदलत राहा. आणि महिनाभरात न भरलेली जखम लाज न धरता डॉक्टरला दाखवा.