देवगिरीचा दुर्ग व त्याच्या पाडावाचें वर्ष

पांचव्या भिल्लमानें चालुक्यांचें मांडलिकत्व झुगारून इ. स. ११८७ चे सुमारास देवगिरी ही आपली राजधानी केली. सिंघणाच्या पदरीं असलेला 'संगीतरत्नाकर'कार शार्ङ्गदेव, महादेव व रामचंद्र ह्यांचा श्रीकरणाधिप हेमाद्रि आणि त्याचा आश्रित बोपदेव हीं नांवें पोथ्यांच्या संग्राहकांस परिचितच आहेत. हेमाद्रीच्या व्रतखंडाच्या आरंभीं जी राजप्रशस्ति आहे ती यादवांच्या वंशावळीचें एक मुख्य साधन होय. तेव्हां त्या ग्रंथाच्या जुन्या प्रती हातीं लागल्यास आरंभींचीं पानें जपावींत, हें येथेंच सांगून ठेवतों.

अल्लाउद्दीन खिलजीनें देवगिरीवर घाला घातला तें वर्ष प्रस्तुत लेखकानें शाळेंत वर्षानुवर्षें १२९४ असेंच शिकविलें. तें चूक होतें. ह्या चुकीचें मूळ फिरिश्त्याच्या तवारिखेंत आहे. तो हिजरी ६९४ देतो. परंतु तें साल १२९४ च्या नोव्हेंबरांत सुरू होऊन १२९५ च्या नोव्हेंबरांत संपतें. उलट अमीर खुसरू हा समकालीन. त्याच्या 'खजाइनुल फुतूह' ग्रंथांत कडा येथून कूच झाल्याची तारीख १९ रबिलाखर व परत आल्याची २८ रज्जब, हिजरी ६९५, अशी आहे. म्हणजे १२९६ च्या फेब्रुवारीची अखेर ते जूनचा आरंभ. शिवाय लूट घेऊन परतलेल्या पुतण्यास भेटावयास जलालुद्दीन स्वतः कड्यास गेला व त्याच वर्षीं रमजानांत तेथें मारला गेला. घाला १२९४ मध्यें मानल्यास मधला दीर्घ काळ कशांत गेला, ह्याचा उलगडा होत नाहीं.

ह्या निर्णयास आपल्याकडे विशेष महत्त्व आहे. ज्ञानेश्वरींत रामचंद्राचा उल्लेख असून तिचा शक १२१२ आहे. ज्ञानदेवांची समाधि शके १२१८ च्या कार्तिकांतली. म्हणजे घाला व समाधि ह्यांत दोन वर्षांचें नव्हे, तर कांहीं महिन्यांचेंच अंतर उरतें.

धान्य म्हणून गडावर घेतलेल्या गोण्यांत मीठ निघालें, ही तवारिखेंतली गोष्ट प्रसिद्धच आहे. मुलगा शंकरदेव बाहेर असतां राजा बेसावध सांपडला, हें मात्र तीहून अधिक मोलाचें कारण. रामचंद्रामागून शंकरदेव १३१३ मध्यें मारला गेला आणि १३१८ मध्यें हरपालदेवाच्या वधानें राज्य संपलें. १३२७ मध्यें महंमद तुघलखानें येथें राजधानी आणून दौलताबाद हें नांव रूढ केलें. पुढें बहमनी, निजामशाही व १६३३ पासून मोंगल.

आज दिसतें तें सगळें यादवांचें समजूं नये. चांद मिनार १४४५ चा. ज्या चिनी महालांत गोवळकोंड्याचा तानाशाह १६८७ नंतर कैदेंत होता, तोही मागाहूनचा. डोंगराचा पायथा पन्नास मीटरांहून अधिक उंच उभा तासलेला आहे, भोंवतीं खडकांत खोदलेला खंदक आहे, आणि वर जावयास अंधेरी नांवाचा कातळांतील बोगदा. ह्याच्या तोंडाशीं विस्तव पेटवून धूर आंत कोंडण्याची सोय होती. डोंगरांत कांहीं अपुरीं राहिलेलीं लेणींही आहेत. यादवकालीन शिल्प पाहावयाचें असल्यास १३१८ च्या जामा मशिदींत जावें. १९४८ नंतर तेथें भारतमातेची मूर्ति आहे. तिचे शंभरांवर खांब जुन्या देवळांतून आणलेले असून, कांहींवरील कोरीव काम अजून स्पष्ट आहे.