सी भाषेंतील अटींचें लेखन

डेनिस रिची यांनी अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत १९७२ च्या सुमारास रचिलेली सी ही संगणकाची भाषा आजहि जगभर वापरांत आहे. एकच प्रोग्राम विंडोज व लिनक्स या दोहोंवर चालावा म्हणून तींत एक युक्ति आहे. 'इफडेफ' आणि 'एंडिफ' या दोन आज्ञांमधील मजकूर, सांगितलेली अट पुरी होत नसेल, तर प्रीप्रोसेसर आधींच गाळून टाकितो. कंपायलरास तो दिसतच नाहीं.

सोय मोठी, तसा धोकाहि मोठा. गाळलेल्या भागांतील चूक लपून राहते व दुसऱ्याच्या यंत्रावर उघडी पडते. शिवाय, दहा स्वतंत्र अटी म्हणजे एका प्रोग्रामचीं १०२४ रूपें. तीं सारीं कोण तपासणार?

यास्तव लिनक्स कर्नेलच्या लेखननियमांत सांगितलें आहे कीं, अशा अटी मूळ फाइलींत न पसरतां हेडर फाइलींत ठेवाव्या. अट लागू नसेल तेव्हां तेथेंच त्याच नांवाचें, कांहीं न करणारें फंक्शन द्यावें. म्हणजे मूळ लेखन अखंड राहतें. शक्य तेथें साधें 'इफ' वापरावें; कंपायलर दोन्ही शाखा तपासून निरुपयोगी शाखा मागाहून गाळतो. मजकूर लांबला, तर 'एंडिफ'शेजारीं त्याची अट टिपून ठेवावी.

आपल्या यंत्रावर चाललें म्हणजे काम संपलें, असें मानूं नये. जी वाट आपण चाललों नाहीं, तिच्यावरून दुसरा कोणी जाणार आहे.