कानात सांगणारी, पण उद्याचं न सांगणारी

जानेवारी 2023 मध्ये रायपूरच्या गुढियारीतला दिव्य दरबार, म्हणजे भक्ताच्या मनातलं आधीच चिठ्ठीवर लिहून दाखवण्याचा कार्यक्रम, आटोपला, तक्रार तपासून नागपूर पोलिसांनीही जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा दिसत नाही असं सांगून टाकलं, तरी बागेश्वर धामचे कथाकार धीरेंद्र शास्त्री आणि अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते प्रा. श्याम मानव यांच्यातला सामना वाहिन्यांवरून उतरायला तयार नव्हता. सिद्धी नागपुरात सिद्ध करा आणि 30 लाख घ्या हे मानव यांचं आव्हान, मग शास्त्रींचं ‘रायपूरला या’ आणि मानव यांचं ‘नागपूरला या’, हे सगळं तेव्हा वाचकांना पाठ झालं होतं. या गदारोळात एक मजेशीर गोष्ट मात्र मागे पडली. शास्त्रींवर शंका घेणारे सगळेच विवेकवादी नव्हते. ही बालाजीची, म्हणजे हनुमानाची, कृपा नसून कर्णपिशाचिनीची सिद्धी आहे, अशी कुजबुज श्रद्धाळूंमध्येही होती. म्हणजे त्यांच्या लेखी चमत्कार खराच, फक्त करणारी वेगळी. शास्त्री स्वतः सारं श्रेय बागेश्वर बालाजीला देतात. तरीही ही कर्णपिशाचिनी जरा निरखून पाहावी, कारण वादाची किल्ली तिच्याकडेच आहे.

साधकाच्या कानाशी लागून समोरच्याचं गुपित सांगणारी शक्ती, अशी तंत्रमार्गात तिची ख्याती. झालेलं आणि चाललेलं ती अचूक सांगते, पण पुढचं तिला कळत नाही, असं तिला मानणारेच सांगतात. ही मर्यादा मोठी सोयीची आहे. युरोपातल्या पिशाचांना असा संकोच नव्हता. 1577 मध्ये योहान वायर या वैद्याने 69 पिशाचांची यादी छापली. त्यातली कितीतरी भूत, वर्तमान आणि भविष्य तिन्ही सांगणारी. पुढच्या शतकातल्या ‘गोएशिया’ या मांत्रिकांच्या पोथीत ती 72 झाली आणि तिथे तिसऱ्या क्रमांकावर वासागो आला, भविष्य सांगणारा आणि हरवलेलं शोधून देणारा. गंमत अशी, की वायर हा चेटकिणींच्या छळाचा कडवा विरोधक. मांत्रिकांचा खुळेपणा उघडा पडावा म्हणून त्याने यादी दिली, आणि पुढच्या मांत्रिकांनी तिचीच पोथी केली. खंडन करणाऱ्यानेच प्रसिद्धी द्यावी, हा प्रकार आपल्या वाहिन्यांनी शोधलेला नाही.

आता कर्णपिशाचिनीच्या त्या मर्यादेकडे परत येऊ, कारण खरा मुद्दा तिथेच आहे. होऊन गेलेली गोष्ट कुठे ना कुठे साठलेलीच असते: विचारणाऱ्याच्या मनात, सोबतच्या नातलगाकडे, मंडपातल्या ओळखीच्या माणसाकडे, आणि आता मोबाईलमध्ये. रायपुरात एका पत्रकाराच्या घरच्यांची नावं सांगितली गेली तेव्हा देश थक्क झाला. ती समाजमाध्यमांवर सापडतात, हे टीकाकारांनी लगेच दाखवलं. नावं तिथूनच घेतली, हे यातून सिद्ध होत नाही. पण दुसरी वाट उघडी असताना दैवी वाटच खरी, हेही सिद्ध होत नाही. मनातलं ओळखण्याचे प्रयोग करणाऱ्या सुहानी शाहने त्याच दिवसांत वाहिन्यांवर लोकांच्या मनातली नावं ओळखली आणि ही निव्वळ कला आहे असं सांगितलं. तिच्या पायावर कोणी डोकं ठेवलं नाही, इतकाच फरक!

मानव रायपूरला का गेले नाहीत, हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. बक्षिसाची रक्कम लावली की तपासणीची कुस्ती होते, आणि कुस्तीत न येणारा हरला असंच लोक धरतात. पण माणसं कोण निवडणार आणि अटी कोण ठरवणार, हे ज्याची परीक्षा त्याच्याच हाती असेल, तर तो दरबारच राहतो. पोलिसांच्या निर्वाळ्यानेही सिद्धी सिद्ध होत नाही. गुन्हा घडला का, एवढंच त्यांनी पाहिलं. सिद्धी आहे का, हे तपासणं त्यांचं कामच नव्हे. मग ख्रिस्ती प्रार्थनेने रोग बरे करण्याच्या चंगाई सभांना हा न्याय का नाही, असं शास्त्रींचे समर्थक विचारतात. लावा ना, जरूर लावा. महाराष्ट्राचा 2013 चा कायदा कोणत्याही एका धर्माचं नाव घेत नाही.

उरला दिलाशाचा मुद्दा. दुखावलेल्या माणसाला कुणीतरी नावाने हाक मारली की बरं वाटतं, हे खरंच आहे. पण छत्तीसगडात लपलेलं ओळखण्याच्या विद्येला दुसरी बाजू आहे. गावात ढोर मेलं, पोर आजारी पडलं की बैगा, म्हणजे गावचा मांत्रिक, ‘पाहतो’ आणि टोनही, म्हणजे चेटकीण, म्हणून एखाद्या बाईकडे बोट दाखवतो. बहुतेकदा ती विधवा, एकटी, नाहीतर शेताच्या वादात अडकलेली. रायपूरचे नेत्रतज्ज्ञ डॉ. दिनेश मिश्र या समजुतीविरुद्ध प्रबोधन करत वर्षानुवर्षं अशा गावांतून फिरत आहेत. दरबारातल्या चिठ्ठीने कुणाचा जीव घेतला, असं इथे म्हणायचं नाही. पण तपासाविना ‘त्यांना कळतं’ हे एका मंडपात मान्य केलं, की बैगाच्या ओट्यावर ते नाकारायचं कशाच्या जोरावर? 2005 च्या टोनही प्रताडना निवारण कायद्याने टोनही ठरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत सक्तमजुरी सांगितली आहे. तिथे राज्याने बैगाची दृष्टी पुरावा मानलेली नाही.

तेव्हा पुढच्या दरबारात तुमची अर्जी लागून नाव पुकारलं गेलंच, तर काकाचं नाव विचारू नका, ते तुम्हाला ठाऊक आहे. पुढच्या महिन्यात घडणारी एखादी गोष्ट तारखेसकट लिहून मागा, पाकीट बंद करून तिसऱ्याच माणसाकडे ठेवा, आणि ती तारीख उलटेपर्यंत दक्षिणा खिशातच राहू द्या.