माणूस माकडापासून झाला का? पाच डच गावांची साक्ष

एप्रिल-मे आला की आपल्या घरोघरी भारतातून आई-बाबा किंवा सासू-सासरे येतात. कुकेनहॉफचे ट्युलिप, किंडरडाइकच्या पवनचक्क्या, अ‍ॅमस्टरडॅमचे कालवे दाखवून होतात आणि मग प्रश्न पडतो, आता कुठे न्यायचं? अशात एखादं नातवंड शाळेतून येतं आणि जेवताना विचारतं, "आजी, आपण आधी माकड होतो का?" आजी म्हणते, "तू तर अजूनही आहेस!" सगळे हसतात आणि प्रश्न ताटाबरोबर उचलला जातो.

हा प्रश्न इतका सहज सोडून देण्यासारखा नाही. पृथ्वीवर जीव कसा आला आणि एका जातीतून दुसरी कशी उद्भवली, या शोधातले काही मोठे टप्पे आपण राहतो त्या या चिमुकल्या देशात घडले आहेत. ही ठिकाणं ट्रेनने एका दिवसात जाऊन येण्यासारखी आहेत. तेव्हा दोन्ही प्रश्न एकदमच सोडवूया.

डेल्फ्ट : थेंबातली सृष्टी

डेल्फ्ट म्हटलं की निळी-पांढरी भांडी आठवतात. १६३२ मध्ये याच गावात अंतोनी फान लेवेनहुक जन्मला. आपल्या पाठ्यपुस्तकात तो 'लिव्हेनहॉक' या नावाने भेटायचा. तो कापडाचा व्यापारी होता. विद्यापीठाची पायरी चढला नव्हता आणि विद्वानांची लॅटिन भाषा त्याला येत नव्हती. पण स्वतः घासलेल्या इवल्याशा भिंगातून तो तळ्याचं पाणी, मिरी भिजवलेलं पाणी, दातांवरचं कीटण असं हाताला लागेल ते पाहत असे. त्या पाण्याच्या एका थेंबात डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव वळवळतात, हे त्याने १६७६ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्राने कळवलं.

धान्यातले किडे धान्यातूनच आणि पिसवा धुळीतून आपोआप उपजतात, असं तेव्हा लोक मानत. आपणही 'तांदळात किडे झाले' असंच म्हणतो. लेवेनहुकने त्यांची अंडी आणि अळ्या शोधून दाखवल्या. किड्यालाही आईबाप लागतात! पुढे १८६० च्या सुमारास लुई पाश्चरने दाखवलं की सूक्ष्मजीवसुद्धा आपोआप होत नाहीत.

मग सगळ्यात पहिला जीव कुठून आला? पृथ्वीचं वय सुमारे ४५४ कोटी वर्षं आहे आणि जीवांच्या खुणा जवळजवळ ३५० कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत सापडतात. त्या काळच्या हवेत प्राणवायू नव्हता. अशा वातावरणात ऊन आणि विजा यांच्या ऊर्जेने साधी रसायनं जुळत जाऊन समुद्रात जीवाची सामग्री तयार झाली असावी, असं १९२० च्या दशकात रशियात ओपारिन आणि इंग्लंडमध्ये हाल्डेन यांनी वेगवेगळं मांडलं. १९५३ मध्ये शिकागोच्या स्टॅन्ली मिलर या तरुण विद्यार्थ्याने पाण्याची वाफ, मिथेन, अमोनिया आणि हायड्रोजन काचेच्या नळ्यांत बंद करून त्यांत विजेच्या ठिणग्या पाडल्या. आठवडाभरात त्यात अमायनो आम्लं मिळाली. आपली प्रथिनं त्यांचीच बनतात. हा जीव नव्हता, जीवाच्या घराच्या विटा होत्या. विटांचं घर नेमकं कसं उभं राहिलं, यावर अजून संशोधन चालू आहे. पण एक गोष्ट पक्की आहे. दह्यातल्या जिवाणूपासून आंब्याच्या झाडापर्यंत आणि आपल्यापर्यंत सगळ्यांची जनुकीय लिपी जवळजवळ एकच आहे. म्हणजे आपण सारे एकाच मोठ्या घराण्यातले आहोत.

मास्ट्रिख्ट : सह्याद्रीचा समकालीन

मास्ट्रिख्टजवळच्या सिंट पीटर्सबर्ग टेकडीत चुनखडीच्या जुन्या खाणी आहेत. अठराव्या शतकात तिथे एका अवाढव्य प्राण्याचा जबडा सापडला. कुणाला तो मगरीचा वाटला, कुणाला देवमाशाचा. १७९० च्या दशकात फ्रेंच सैन्याने गाव घेतलं आणि जबडा पॅरिसला नेला. हा प्राणी घोरपडीच्या नात्यातला समुद्री सरडा आहे, हे डच अभ्यासक आद्रियान काम्पर यांनी ओळखलं आणि पॅरिसच्या क्युव्हिए यांना ते पटलं. पुढे त्याला मोसासॉरस, म्हणजे मास नदीचा सरडा, असं नाव मिळालं.

एवढा मोठा प्राणी आज कुठेच कसा दिसत नाही? क्युव्हिए यांनी असे पुरावे गोळा करून ठामपणे सांगितलं की जीवांच्या जाती कायमच्या नष्ट होऊ शकतात. ते स्वतः उत्क्रांती मानत नव्हते. पण सृष्टी पहिल्यापासून जशीच्या तशी आहे, या समजाला त्यामुळे तडा गेला.

आता गंमत पाहा. सुमारे ७ कोटी २० लाख ते ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या काळाला जगभरचे भूशास्त्रज्ञ या गावावरून 'मास्ट्रिख्टियन' म्हणतात. त्या काळाच्या शेवटीशेवटी इथे उथळ समुद्रात मोसासॉरस पोहत होते, तेव्हा तिकडे आपल्या दख्खनमध्ये जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहू लागला होता. त्याच लाव्ह्याचे थर थंड होऊन सह्याद्रीचा काळा कातळ झाला. रायगड ज्यावर उभा आहे आणि वेरूळचं कैलास ज्यात कोरलं आहे, तोच हा कातळ. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिजदुरा गावाजवळ डायनासोरांची अश्मीभूत विष्ठा सापडते. तिच्यात गवताचे अंश असल्याचं २००५ मध्ये प्रसिद्ध झालं. डायनासोरांच्या काळात गवत होतं, हे जगाला विदर्भाने सांगितलं!

६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी एक प्रचंड अशनी पृथ्वीवर आदळला. मोसासॉरस संपले आणि पक्षी सोडले तर डायनासोरही संपले. उरलेल्या लहानसहान सस्तन प्राण्यांना मोकळं रान मिळालं. आपण त्यांचे वंशज.

हिल्व्हरसम आणि आर्नहेम : बदल कसा होतो?

१८५९ मध्ये डार्विनने निसर्गनिवडीचा सिद्धांत मांडला, पण पिढ्यांमध्ये फरक कसे येतात हे त्याला सांगता येत नव्हतं. १८८६ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमचे प्राध्यापक ह्यूगो द फ्रीस यांना हिल्व्हरसमजवळ बटाट्याच्या एका पडीक शेतात पिवळ्या फुलांची काही झाडं दिसली. एकाच जातीची, पण काही अगदी निराळी. त्यांचं बी पेरून, अभ्यासून त्यांनी 'म्युटेशन' ही कल्पना मांडली. त्यांच्या झाडांमागची कारणं वेगळी आणि गुंतागुंतीची होती हे नंतर समजलं, पण तो शब्द टिकला. करोनाच्या काळात तो आपल्या आजी-आजोबांच्याही तोंडी बसला.

हा बदल आपल्या डोळ्यांदेखत होताना पाहायचा असेल तर आर्नहेमच्या आसपास ओकची झाडं आहेत. तिथे एका पतंगाची मादी हिवाळ्यात अंडी घालते आणि वसंतात अळ्या ओकची कोवळी पालवी खातात. वसंत गरम होऊ लागला तशी अंडी पालवी फुटण्याआधीच उबू लागली आणि अळ्या उपाशी मरू लागल्या. पण सगळी अंडी एकाच दिवशी उबत नाहीत. जी उपजतच थोडी उशिरा उबणारी होती, त्यांच्या अळ्यांना पान मिळालं, त्या जगल्या आणि तो गुण पुढच्या पिढीत गेला. काही वर्षांतच या पतंगांची अंडी आनुवंशिक बदलाने उशिरा उबू लागली, असं डच शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये दाखवून दिलं.

उत्क्रांतीचं सगळं सार यात आहे. फरक असतात, त्यांतले काही निभावून नेतात, आणि निभावलेले गुण वारशाने पुढे जातात. एकटी अळी स्वतःला बदलत नाही. पिढ्या बदलतात.

लायडन : कवटीचा तुकडा

१८८७ मध्ये लिम्बर्गचा युजीन द्युब्वा हा तरुण डॉक्टर सैन्यात नोकरी पत्करून डच ईस्ट इंडीजला, म्हणजे आजच्या इंडोनेशियाला गेला. माणसाचे पूर्वज शोधायचे, हाच हेतू. १८९१ मध्ये जावा बेटावर ट्रिनिल गावी सोलो नदीकाठी त्याला कवटीचा वरचा भाग मिळाला आणि पुढच्या वर्षी मांडीचं हाड. प्रत्यक्ष खणणारे हात कैद्यांचे होते. आज या मानवजातीला 'होमो इरेक्टस', म्हणजे ताठ चालणारा मानव, म्हणतात. त्याच संग्रहातल्या एका शिंपल्यावर नागमोडी रेघा कोरलेल्या आहेत, हे शतकाहून अधिक काळानंतर, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं. त्या किमान ४ लाख ३० हजार वर्षांपूर्वीच्या आहेत!

ही हाडं अनेक वर्षं लायडनच्या नॅचरॅलिसमध्ये होती. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये डच सरकारने २८ हजारांहून अधिक जीवाश्मांचा हा सगळा संग्रह इंडोनेशियाला परत देण्याचा निर्णय जाहीर केला. एके काळी परसत्तेखाली राहिलेल्या देशातून आलेल्या आपल्याला त्याचं मोल वेगळं सांगायला नको.

तर मग मुलांना काय सांगायचं?

माणूस आजच्या माकडापासून झालेला नाही. चुलतभाऊ आपल्याला जन्म देत नाही, पण दोघांचे आजोबा एकच असतात. चिंपांझी आणि आपले असे समाईक आजोबा सुमारे ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी होऊन गेले. त्यांची एक शाखा तिकडे गेली, एक इकडे आली. माकडं अजून माणूस का होत नाहीत, याचंही उत्तर यातच आहे. ही शिडी नाही, वडाचं झाड आहे, आणि आपण शेंड्यावर बसलेलो नाही. असंख्य फांद्यांपैकी एक आहोत.

"हे तर आपल्या दशावतारात आहेच," असं आजोबा म्हणतील. मासा, कासव, वराह, नरसिंह, वामन हा क्रम पाहून वर उल्लेख आलेल्या हाल्डेन यांनाही हे साम्य जाणवलं होतं. ते १९५७ मध्ये भारतात आले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. गोष्ट म्हणून आजोबांनी ती जरूर सांगावी. फक्त एवढी पुस्ती जोडावी की अवतार हेतूने येतो, उत्क्रांतीला ठरलेलं मुक्कामाचं गाव नसतं.

शाळेत असताना मी पाहिलं आहे की धडा गाळला तरी मुलांचा प्रश्न गळत नाही. २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग काढला गेला, तेव्हा १८०० हून अधिक शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी जाहीर पत्र लिहून विरोध केला. नेदरलँड्सही याला अपवाद नाही. इथल्या एका ख्रिस्ती प्रसारण संस्थेने डेव्हिड अ‍ॅटनबरो यांच्या निसर्गमालिकेतले उत्क्रांतीचे उल्लेख गाळून दाखवल्याचं २००७ मध्ये गाजलं होतं. म्हणून पुस्तकात काय आहे नि काय नाही याची वाट न पाहता हे बोलणं घरात व्हायला हवं, मराठीत आणि आजी-आजोबांसमोर.

पुढच्या वसंतात पाहुणे आले की एक दिवस मास्ट्रिख्टसाठी ठेवा. तिथला चुनखडीचा मऊ पिवळट दगड आजोबांच्या हातात द्या आणि सांगा, "बाबा, आपल्या रायगडाच्या कातळाचा हा शेजारी. दोघंही जवळजवळ एकाच काळातले."