सातव्या दिवसाचं बिलिरुबिन

“डॉक्टरसाहेब, दारू सोडून वीस दिवस झाले जी. मंग आता कावीळ कशी?”

तुमसर तालुक्यातल्या आंबागडहून आलेल्या चाळिशीतल्या रुग्णाचा हा प्रश्न. डोळे हळदीसारखे पिवळे, पोटात पाणी. दारू सोडली म्हणूनच कावीळ झाली, असं घरच्यांचं म्हणणं. त्यामुळे आठ दिवस झाडपाल्याचं औषध आणि बिनतेलाचं जेवण चाललं. खरं तर उलट असतं. यकृताला आतून सूज येते, भूक मरते, अंगात त्राण राहत नाही, म्हणून दारू सुटते. आणि ती सुटल्यावरही सूज काही आठवडे वाढू शकते. दारू मोहाची की बाटलीतली, याने यकृताला फरक पडत नाही.

या आजारावर आमच्या हातात मुख्य औषध एकच, स्टिरॉइड. तेही जंतुसंसर्ग किंवा रक्तस्राव असेल तर देता येत नाही. सात दिवसांनी बिलिरुबिन पाहायचं. पुरेसा उतार नसेल तर औषध थांबवायचं. ब्रिटनमध्ये अकराशे रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले. स्टिरॉइडचा पहिल्या महिन्यात थोडा फायदा दिसला, तीन महिन्यांनी तोही उरला नाही. वर्षभरात निम्म्याहून अधिक रुग्ण दगावले किंवा त्यांना यकृत बदलावं लागलं.

मग ज्यांना स्टिरॉइड चालत नाही, त्यांचं काय? दिल्लीच्या यकृत व पित्तविज्ञान संस्थेने एक उपाय करून पाहिला. ऐकायला किळसवाणा आहे, पण त्यामागे तर्क आहे. दारूने आतड्याचं अस्तर झिरपू लागतं, तिथल्या जंतूंचे विषारी अंश थेट यकृतात पोचतात आणि सूज भडकते. म्हणून निरोगी नातेवाइकाचं तपासलेलं, गाळलेलं मल नाकातून घातलेल्या नळीने सात दिवस आतड्यात सोडायचं, म्हणजे चांगले जंतू तिथे वस्ती करतील. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगातल्या आठपैकी सात रुग्ण वर्षानंतर जिवंत होते.

आठच रुग्ण, हे मात्र विसरू नये. चंडीगडला २०१४ मध्ये अस्थिमज्जेला चालना देणाऱ्या इंजेक्शनने अशीच आशा दाखवली होती. पुढे जर्मनीत यकृत निकामी होत चाललेल्या रुग्णांवर मोठी चाचणी झाली, तेव्हा फायदा आढळला नाही. त्यामुळे मलरोपण आज तरी संशोधन करणाऱ्या केंद्रांतच व्हावं, असं माझं मत आहे. यकृत प्रत्यारोपणाने निवडक रुग्ण वाचतात, हे फ्रान्स-बेल्जियमच्या डॉक्टरांनी २०११ मध्ये दाखवलं; पण आंबागडच्या शेतमजुराला तो रस्ता किती लांबचा!

आमच्या रुग्णाला जंतुसंसर्ग नव्हता. स्टिरॉइड सुरू केलं. बायकोला सांगितलं, पथ्य बंद. वरण, अंडी, दूध द्या, आणि रात्री झोपताना काहीतरी खायला घालाच. उपाशी यकृत भरून येत नाही.

सातव्या दिवशी बिलिरुबिन २२ वरून १४ वर आलं. बायकोने कागद हातात घेतला, आकडा दोनदा वाचून घेतला आणि विचारलं, “माझ्या दिराचेही डोळे पिवळेच दिसतेत जी. त्याले उद्याच आणू का?”